अव्वाचा विसावा

जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश दर पंधरा दिवसांनी निघतो. आधीचा संपायच्या आत पुढचा हजर. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, मोर्चा काढायचा नाही, असं त्यात लिहिलेलं असतं आणि तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधूवरांच्या जाहिरातींच्या खाली बारीक अक्षरात छापून येतो. कुणी वाचत नाही. आदेश लागू असतानाच आठवडी बाजार भरतात, लग्नं लागतात, पानटपरीवर पंधरा-पंधरा जण उभे राहून राज्य चालवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मादळवाडीत हा आदेश नेमाने वाचणारा एकच माणूस होता, किराणा दुकानदार मल्लिनाथ. त्याला तो आदेश एकदा चावला होता.

मल्लिनाथ मुळात आंदोलन करणाऱ्यातला नव्हेच. साखरेत मुंगी निघाली तरी गिऱ्हाइकाची माफी मागणारा माणूस. पण नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता चौपदरी झाला आणि मादळवाडीचे दोन तुकडे पडले. गाव अलीकडे राहिलं. पलीकडे गेलं गायरान, निम्मी शेतं आणि लिंगायतांची स्मशानभूमी. गावाने भुयारी रस्ता मागितला. निवेदनं दिली, ती कुठल्या कपाटात गेली देव जाणे. शेवटी मागच्या वर्षी रास्ता रोको ठरला. मल्लिनाथच्या दुकानात किराण्याच्या जोडीला लग्नाकार्याला भाड्याने द्यायचा स्पीकर होता, तो त्याने नेऊन लावला. माईक चालतो का बघायला दोन शब्द बोलला, "हॅलो, सगळ्यांनी बसून घ्या." पोलिसांच्या चित्रीकरणात नेमकं तेवढंच आलं. गाड्या भरायची वेळ आली तेव्हा पुढारी केव्हाच पसार झाले होते आणि वायर गुंडाळत बसलेला मल्लिनाथ आयता सापडला.

गुन्हा दाखल झाला, तो झालाच. वर पुन्हा तालुक्याला बोलावून त्याच्याकडून बंधपत्र लिहून घेतलं. वर्षभर शांतता राखीन, कुठल्याही आंदोलनात दिसणार नाही, दिसलो तर उरलेली मुदत तुरुंगात काढीन, अशा अर्थाचं. त्यासाठी त्याने तहसीलला इतके खेटे घातले की तिथला शिपाई त्याला चहा विचारू लागला. त्या दिवसापासून मल्लिनाथने गर्दीचा धसकाच घेतला. दुकानापुढे चार माणसं जमली की पाचव्याला आधी सामान बांधून देऊन वाटेला लावायचा. गावातली पोरं हसायची. बायको शिल्पा हसायची. फक्त त्याची आई लक्ष्मम्मा हसायची नाही. "भ्यावं लागतंय बाबा पोलिसास्नी," एवढंच म्हणायची.

ही लक्ष्मम्मा, घरादाराची अव्वा, ऐंशी पार केलेली. उदगीरच्या पलीकडचं माहेर, त्यामुळे बोलता बोलता मधेच कानडी यायची. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावून ती लिंगपूजेला बसली आणि बसल्या जागीच गेली. शिल्पा चहा घेऊन आली तेव्हा डाव्या तळहातावर इष्टलिंग तसंच होतं. असं मरण मागून मिळत नाही, असं आलेला प्रत्येक जण म्हणत होता. मल्लिनाथलाही ते पटत होतं. तरी तो कोपऱ्यात जाऊन लहान मुलासारखा रडला.

लिंगायतांत मयताला निजवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती फासून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात आणि कापडाने हलकं बांधतात. तसंच बसलेलं, केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लावलेल्या विमानातून, म्हणजे खांद्यावरच्या पालखीतून नेतात आणि खड्ड्यात बसवूनच माती देतात. दिवस मावळायच्या आत सगळं व्हावं लागतं. पोरांनी विमान बांधायला घेतलं. मल्लिनाथने धर्माबादला बहिणीला फोन लावला. मंजुश्री त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, अव्वाचं शेंडेफळ. तिकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "अण्णा, मी निघालेय. तोंड बघितल्याबिगर माती देऊ नकोस."

"न्हाई देत," मल्लिनाथ म्हणाला.

आणि मग त्याच्या डोक्यात तो किडा शिरला. मयतीला माणसं येणार, ती काही पाचात भागणार नाहीत. विमान रस्त्यावरून जाणार. जागा तीच, जिथे मागच्या वर्षी रास्ता रोको झाला होता. त्याने गल्ल्याखालून वर्तमानपत्र काढून आदेश पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की लग्न, धार्मिक विधी आणि अंत्ययात्रा यांना हा आदेश लागू नाही. त्याने ती ओळ शिल्पाला वाचून दाखवली, पुन्हा स्वतःला वाचून दाखवली. पण ओळीने त्याचं समाधान होईना. छापलेली सूट रस्त्यावर उभी राहून आपली बाजू मांडत नाही, एवढं त्याला गेल्या वर्षाने शिकवलं होतं. त्याने पांढऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि मोटारसायकलला किक मारली.

दारात चुलता बसलिंगप्पा बसला होता. भावकीतला सगळ्यात थोरला, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. "आई घरात बसलीय अन् तू कुटं चाललास रे, मल्लू?"

"ठाण्यात कळवून येतो, काका. आपल्याकडून काही कमी नको."

"मयतीचं ठाण्यात कळवतात व्हय?" बसलिंगप्पाने विचारलं. मल्लिनाथने गाडी वेशीकडे वळवली.

ठाण्यात टेबलावर हवालदार ग्यानोबा होता. हा शेजारच्याच गावचा, मल्लिनाथच्या दुकानातून सणासुदीला गूळ नेणारा. अर्ज वाचून तो चक्रावला. "अप्पा, मयतीला कोण परवानगी मागतंय? जावा घरी. माती द्या निवांत."

इथे मल्लिनाथने गप घरी यायला हवं होतं. पण भित्रा माणूस एकदा नियमाने वागायला लागला की त्याला आवरणं कठीण. तो म्हणाला, "तेवढा पोचचा शिक्का मारून द्या. उद्या कुणी विचारलं तर जवळ असू द्या."

"शिक्का मारला तर नोंद घ्यावी लागंल."

"घ्या की."

ग्यानोबाने रजिस्टर पुढे ओढून नोंद केली. मग सुस्कारा टाकून शिक्का मारला. नोंद झाली म्हणून ती फौजदारांच्या नजरेस पडली. फौजदारांना नाव ओळखीचं वाटलं, बंधपत्र निघालं, मागच्या वर्षीची जागा निघाली आणि वरिष्ठांना फोन गेला. वरिष्ठ म्हणाले, बंदोबस्त लावा, चित्रीकरण करा. आपल्या आईच्या अंत्ययात्रेला पोलीस स्वतः जाऊन बोलावून आणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात तोच एक असेल. त्याच्या खिशात शिक्का मारलेला कागद होता आणि घरी येईपर्यंत तो खिसा चाचपत होता. त्याला फार सुरक्षित वाटत होतं.

दुपारी पोलिसांची जीप आणि मागे एक गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा बायकांचं रडणं एकदम थांबलं. फौजदार रविकिरण तरुण होता, नाशिककडचा, नवीनच बदलून आलेला. त्याने बूट काढून आत येऊन अव्वाला नमस्कार केला. मग मल्लिनाथला बाजूला घेऊन नम्रपणे म्हणाला, "अप्पा, आमची काही हरकत नाही. रस्ता ओलांडायचा, थांबायचं नाही. घोषणा नकोत. चारनंतर मला दुसरीकडे बंदोबस्त आहे, त्याआधी उरकून घ्या."

"बहीण येऊन राहिली, साहेब. लोह्यापर्यंत आलीय."

"तिला थेट स्मशानभूमीवर बोलवा ना. रस्त्याला लागूनच तर आहे."

सोपा मार्ग होता. मल्लिनाथने मंजुश्रीला तसं कळवलं, आणि विमान उचललं. स्वामी पुढे, भजनी मंडळ मागे. विमानात अव्वा बसलेली, कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, मांडीवर बेलाची पानं. खांद्यांच्या चालीबरोबर तिचं डोकं किंचित हलत होतं. गावात कुणाशी बोलताना ती अशीच मान हलवायची. मल्लिनाथ पुढच्या खांद्याला होता, आणि जीप हळूहळू मागून येत होती.

आता विसाव्याचं सांगायला हवं. घर आणि स्मशान यांच्या मधल्या वाटेत मयताला घडीभर टेकवायची जागा म्हणजे विसावा. खांदेकरी बदलतात, स्वामी मंत्र म्हणतात, आणि पुन्हा उचलतात. मादळवाडीत याला आणखी एक रीत जोडलेली आहे. देह टेकला की बरोबरच्या सगळ्यांनी खाली बसायचं. मयत बसलेलं आणि माणसं उभी, हे बरं दिसत नाही. गावचा विसाव्याचा दगड चौपदरीच्या पहिल्याच पट्ट्याखाली गेला, तरी जागा काही हलली नाही. इतके दिवस त्या जागेसमोरच दुभाजकात एक मोकळी खिंड होती, तिथे मयत टेकवत, म्हणजे वाहनं अडत नसत. मागच्या आठवड्यात रस्त्याच्या माणसांनी त्या खिंडीत सिमेंटचे ठोकळे आणून टाकले. बाजूने विमान तिरपं करून जेमतेम निघेल एवढी वाट राहिली, टेकवायला जागा राहिली नाही.

हे मल्लिनाथच्या ध्यानात आलं ते रस्ता समोर दिसल्यावर. त्याने मान वळवून मागच्या खांद्याला असलेल्या चुलत्याला हळूच म्हटलं, "काका, आज विसावा नको. सरळ पलीकडं जाऊ. तिथं टेकवू."

"तिथं कशाला? विसावा हितं हाय."

"रस्त्यात येतंय, काका. पोलीस हाइत. माझं बंधपत्र अजून चालू हाय."

बसलिंगप्पाची चाल थांबली नाही. "तुझ्या बापाला टेकवला. माझ्या बापाला टेकवला. लक्ष्मम्मावैनीला न टेकवता नेऊ? चोरून चाललाव का आपुन तिला?"

चुलत्याचं चूक नव्हतं आणि त्याचंही चूक नव्हतं. विमान ठोकळ्यांपाशी आलं, बसलिंगप्पाने "शिव शिव" म्हटलं आणि खांदे खाली झाले. अव्वा रस्त्यावर टेकली, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. मागची सगळी माणसं, म्हातारी, तरणी, बाया, एकामागून एक डांबरावर बसली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जन्मभर ते असंच बसत आले होते.

मल्लिनाथ तेवढा उभा राहिला.

त्याच्या मनात हिशेब चालला होता. बसलं तर ठिय्या होतो, उभं राहिलं तर नाही होत. कॅमेरा घेतलेला ग्यानोबा समोरच होता. मल्लिनाथला आईच्या पायाशी बसावं असं आतून फार वाटत होतं, आणि तो बसला नाही. आईजवळ न बसलेला त्या गर्दीत तो एकटा होता, आणि तो तिचा मुलगा होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो उभाच राहिला.

ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. स्वामींचे मंत्र संपत आले तशी भजनी मंडळाने हात वर करून "हर हर महादेव" म्हटलं. फौजदार घाईने पुढे आला. "अप्पा, मी थांबू नका म्हटलं होतं. घोषणा काय देताय? उठवा यांना आधी. तुमचं ऐकतील."

म्हणून मल्लिनाथने सगळ्यांकडे तोंड केलं, दोन्ही हात वर उचलले आणि ओरडून म्हणाला, "उठा. सगळ्यांनी उठा."

हॉर्नच्या गदारोळात त्याचे शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत. दिसलं एवढंच, की बसलेल्या जमावापुढे एक माणूस हात उंचावून उभा आहे, जमाव महादेवाचं नाव घेतोय आणि मागे रस्त्यावर मयत ठेवलेलं आहे. ग्यानोबाच्या कॅमेऱ्यात हेच आलं. एका ट्रकवाल्याने मोबाइल बाहेर काढला होता, त्याच्यातही हेच आलं. स्वामींनी विभूती टाकली, खांदेकरी बदलले, लोक उठले. सगळा मामला पाच मिनिटांचा. मल्लिनाथने पुन्हा खांदा द्यायला वाकून दांडी धरली, तेवढ्यात फौजदाराचा फोन वाजला.

फौजदार "हो सर, हो सर" म्हणत बाजूला गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "अप्पा, तुम्हाला ठाण्यात यावं लागेल."

"येतो की साहेब. माती देऊन येतो."

ग्यानोबा पुढे झाला. "सर, एक अर्धा तास. आई हाय त्यांची. मी सोबत थांबतो अन् घेऊन येतो."

"मी सांगून पाहिलं," फौजदार म्हणाला. "व्हिडिओ वर गेलाय. बंधपत्रातला माणूस तिथेच पुढाकार घेताना दिसतोय, आत्ताच्या आत्ता आणा, म्हणाले." मग मल्लिनाथकडे न बघता म्हणाला, "चला. लवकर सोडतो."

मल्लिनाथने दांडी सोडली. त्याच्या जागी कुणी खांदा दिला, हे त्याला कळलं नाही. जीपच्या मागच्या बाकावर बसून त्याने बघितलं, अव्वाचं विमान तिरपं होऊन ठोकळ्यांच्या फटीतून पलीकडे गेलं. बसलिंगप्पाने एकदा वळून जीपकडे पाहिलं आणि पुढे चालू लागला.

रस्त्यावर आता मयत नव्हतं, माणसं नव्हती. पण गुन्हा म्हटलं की जागेचा पंचनामा आला. राहिलेल्या पोलिसांनी एक बाजू दोऱ्या लावून अडवली, टेपने मापं घेतली, झेंडूच्या पडलेल्या पाकळ्यांभोवती चुन्याचं वर्तुळ काढलं, पंच म्हणून सही करायला कुणी मिळेना म्हणून माणूस शोधत फिरले. विसाव्याने वाहतूक पाच मिनिटं थांबली होती. विसाव्याने वाहतूक थांबली हे लिहून काढायला ती दोन तास थांबवावी लागली, आणि रांग पार नांदेडच्या बाजूला चढावापर्यंत गेली.

ठाण्यात मल्लिनाथने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मी कळवलं होतं. शिक्का हाय ह्याच्यावर."

"तोच तर घोळ झालाय," फौजदार म्हणाला. "तुम्ही कळवलं म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं की जमाव रस्त्यावर येणार. म्हणजे तुम्ही आयोजक."

"आईची मयत हाय, साहेब. मयतीचा आयोजक कोण असतो?"

फौजदाराला हसू आलं नाही. त्याने कॉम्प्युटरवाल्याला जबाब टाइप करायला सांगितला. मधेच कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, आंदोलनात वापरलेलं साहित्य काय लिहायचं, आणि फौजदार म्हणाला, "काही लिहू नका." तेवढी दया त्याच्या अखत्यारीत होती.

शिल्पाचा फोन आला. "खड्डा तयार हाय. अव्वाला आत बसवलंय. स्वामी म्हणालेत, दिवस चाललाय. काय करावं? मंजूताई पण आली न्हाई अजून. फोन लागंना तिचा."

"थांबा म्हण. येलालो मी."

"कवा?"

मल्लिनाथने फौजदाराकडे बघितलं. फौजदाराने टाइप केलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे बघा अप्पा. मोठे साहेब यायचेत, त्यांना रात्र होईल. तोवर बसायचं असेल तर बसा. नाहीतर यावर सही करा, मी नोटीस देऊन आत्ता सोडतो. ग्यानोबा तुम्हाला नेईल आणि माती दिल्यावर परत आणेल."

कागदात लिहिलं होतं, की भुयारी मार्गाच्या मागणीकडे शासनाचं लक्ष वेधण्यासाठी मी माझ्या आईचा मृतदेह लोकांसह रस्त्यावर ठेवून ठिय्या दिला.

"असं झालं न्हाई, साहेब. तो विसावा होता."

"मला माहीत आहे," फौजदार म्हणाला.

"मग तसं लिहा की."

"विसावा लिहिलं तर गुन्हा कशाचा? आणि गुन्हा नाही तर तुम्हाला इथे आणलं कशाला, हे मला विचारतील. अप्पा, कायद्यात विसाव्याचं कलम नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा." त्याचा आवाज खरोखरच विचारल्यासारखा होता. मल्लिनाथला त्याची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त. सही केली तर बंधपत्र मोडतंय, महिनोन्महिने आत जावं लागतंय, दुकान बसतंय, हे त्याला दिसत होतं. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर चढलेलं होतं, तेही दिसत होतं. खड्ड्यात बसलेली आई डोळ्यांपुढून जाईना. त्याने सही केली.

"बाहेर पत्रकार विचारतील," फौजदार म्हणाला. "जबाबात आहे तेच सांगा. वेगळं बोललात तर तुम्हीही अडकाल आणि मीही. ग्यानोबा, लक्ष ठेवा."

ग्यानोबाने आपल्या मोटारसायकलवर त्याला मागे बसवलं. रस्त्याला लागले तर पुढे गाड्यांची रांग. ट्रक, जीपगाड्या, एसटी, सगळं एकमेकांत अडकलेलं. ग्यानोबाने गाडी कडेच्या खड्ड्यातून, शेताच्या बांधावरून, जिथून जमेल तिथून घातली. स्मशानभूमीच्या फाटकाशी मल्लिनाथने चालत्या गाडीवरून उडी टाकली आणि तो धावत आत गेला.

खड्डा बुजलेला होता. वर माती सारखी करून पाणी शिंपडलेलं होतं, बेल वाहिलेला होता. माणसं बरीचशी पांगली होती. सूर्य टेकला होता. बसलिंगप्पा बाजूच्या दगडावर बसला होता, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले.

"थांबलाव रे लई," तो म्हणाला. "वैनीची मान कलंडाय लागली. दोन पोरं आत उतरून धरून बसली होती तिला. किती येळ धरायचं? स्वामी म्हणाले, हाल करू नका आता."

मल्लिनाथ मटकन खाली बसला. मूठभर माती हातात घेतली आणि तिचं काय करावं हे त्याला समजेना. देण्यासारखं आता काही उघडं राहिलं नव्हतं. त्याने ती वरच्यावर टाकली. ग्यानोबा चार पावलांवर टोपी हातात घेऊन उभा होता.

तेवढ्यात फाटकातून मंजुश्री आली. चप्पल कुठेतरी राहिली होती, पायांना धूळ, पदर कमरेला खोचलेला. तिची जीप रांगेत अडकली ती जागची हलेना म्हणून ती चढावापासून चालत आली होती. तिने मातीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं. रडली नाही. जवळ येऊन भावाच्या शेजारी बसली आणि ताज्या मातीवर हात ठेवला. बराच वेळ तिने तो हात उचलला नाही.

मग ती सावकाश बोलू लागली. "तिकडं जीपवाला म्हणला, पुढं कुणीतरी मढं रस्त्यात मांडून आंदोलन करून राहिलेत. लोक शिव्या देत होते. मी पण दिल्या. म्हणले, असल्यांच्या आईला माती मिळू नये. मग चालत येताना पोरं मोबाइल बघत होती. त्यात तुझ्यासारखा एक माणूस होता, हात वर करून. मला वाटलं, अण्णा असं करायचा न्हाई. अण्णा मुंगीला भितो." तिने त्याच्याकडे तोंड केलं. "तो तू न्हाईस ना, अण्णा?"

मल्लिनाथच्या तोंडाशी सगळं आलं होतं. विसावा, काका, ठोकळे, सकाळचा अर्ज. त्याने मान वर केली. ग्यानोबा तिथेच होता. ग्यानोबाने चटकन दुसरीकडे, रस्त्याकडे पाहिलं, ऐकू येत नसल्यासारखं. पण मल्लिनाथला आता कुणाच्याही न ऐकण्याचा भरवसा उरला नव्हता.

"मीच होतो," तो म्हणाला.

मंजुश्रीने विचारलं, "कामून?"

"भुयारी रस्त्यासाठी," मल्लिनाथ म्हणाला. जबाबात होतं तसंच.

दगडावरून बसलिंगप्पा काहीतरी बोलायला उठला, पण त्याचा आवाज निघायच्या आत मंजुश्रीने मातीवरचा हात काढून घेतला होता. ती भावापासून सरकली, उठली आणि आईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन, त्याच्याकडे पाठ करून बसली.